ट्यूडर काळ गोव्यात उभा करायचा असेल तर

शाळेच्या वार्षिक महोत्सवात, वारसा सप्ताहात किंवा कॉलेजच्या इतिहास विभागासाठी ‘लिव्हिंग हिस्टरी’चा, म्हणजे त्या काळचे कपडे घालून इतिहास जिवंत करून दाखवणारा, गट बोलवायचा विचार असेल, तर आधी एक गोष्ट पक्की करा: कुठलं वर्ष आणि कुठली जागा. इंग्लंडच्या राजघराण्याचं नाव, ‘ट्यूडर’, एवढंच सांगितलंत तर १४८५ ते १६०३ अशी ११८ वर्षं तुमच्यासमोर येतात आणि आठव्या हेन्रीच्या दरबाराचे कपडे घातलेला माणूस एलिझाबेथच्या काळातल्या व्यापाऱ्याशी गप्पा मारत बसतो.

गोव्यासाठी मात्र प्रसंग तयार आहे. राल्फ फिच, जॉन न्यूबेरी, विल्यम लीड्स आणि जेम्स स्टोरी या चार इंग्रजांना होर्मुझला पकडून नोव्हेंबर १५८३ मध्ये कैदी म्हणून गोव्यात आणलं गेलं. १५७९ मध्येच इथे आलेला इंग्रज जेझुइट (ख्रिस्ती धर्मसंघाचा पाद्री), फादर थॉमस स्टीफन्स, त्यांच्या मदतीला धावला. तिघे जामिनावर सुटले, त्यांनी बाजारात दुकान थाटलं आणि एप्रिल १५८४ मध्ये ते पळून गेले. चित्रकार असलेला स्टोरी मागे राहिला. दुकान, तुरुंग, पत्रव्यवहार, हेरगिरीचा संशय असं सगळं यात आहे, आणि पात्रंही मोजकी.

आता यातला सापळा. मराठी प्रेक्षकांसमोर स्टीफन्स उभा केला की त्याच्या तोंडी त्यानेच रचलेल्या ख्रिस्तपुराणातल्या मराठीच्या स्तुतीच्या ओव्या घालायचा मोह कुणालाच आवरत नाही. पण ते पुराण छापलं गेलं १६१६ मध्ये, राचोलला. तोवर शेवटची ट्यूडर राणी एलिझाबेथ जाऊन तेरा वर्षं झाली होती. १५८३ चा स्टीफन्स इथली भाषा शिकतो आहे, एवढंच दाखवा. ओव्या हव्याच असतील तर त्या प्रसंग संपल्यावर निवेदकाला म्हणू द्या.

पार्श्वभूमीलाही हेच लागू. बॉम जेझूस बॅसिलिकेचं बांधकाम १५९४ मध्ये सुरू झालं, त्यामुळे फोटोत ती मागे आली की वर्ष चुकलंच. से कॅथेड्रलचं काम १५६२ पासून चालू होतं, म्हणजे प्रसंगाच्या वेळी ते अर्धवट होतं. पणजीतल्या फोंतेन्हासच्या गल्ल्या सुंदर असल्या तरी त्या नंतरच्या, या काळाला चालत नाहीत. जुन्या गोव्यातल्या संरक्षित वास्तूच्या आवारात काही करायचं तर पुरातत्त्व खात्याची लेखी परवानगी लागते आणि चूल पेटवायला ती मिळेल असं धरून चालू नका. शाळेचं मैदान किंवा जुन्या घराचा चौक जास्त सोयीचा.

गटाला पहिला फोन करताना प्रेक्षक किती, कोणत्या वयाचे, कुठली भाषा, सावली आहे का, कपडे बदलायला बंद खोली आहे का, हे सगळं सांगा. त्यांना विचारा: पात्रं त्या काळातल्या माणसासारखं बोलणार की आजच्या माणसासारखं समजावून सांगणार? इंग्लंडमध्ये सफोकच्या केंटवेल हॉलमध्ये १९७९ पासून पहिली पद्धत वापरतात. तिथे सहभागी माणूस ‘मी अमुक साली आहे’ असंच वागतो. इथल्या मुलांना ती थोडी गोंधळात टाकते. प्रत्येक ठिकाणी एक साध्या कपड्यातला माणूस मध्यस्थ म्हणून ठेवला की काम भागतं. गट मुंबई-पुण्याकडून येत असेल तर जुन्या गोव्यासाठी करमळी स्टेशन जवळचं. प्रवास, जेवण आणि मुक्काम मानधनात धरलेत की वेगळे, हे लेखी घ्या, म्हणजे आदल्या रात्रीची वादावादी टळते.

शंभर-सव्वाशे मुलं असतील तर एक मोठा प्रयोग करू नका. तीन ठिकाणं मांडा: लिलाव, पत्रलेखन आणि दुकान. चाळीस-चाळीसचे गट, प्रत्येक ठिकाणी वीस मिनिटं आणि जागा बदलायला पाच. सव्वा तासात सगळं होतं. चाळीसच्या वर गेलं की मागच्या रांगेला फक्त पुढच्यांची डोकी दिसतात. लिलाव सर्वांत रंगतो. जुन्या गोव्याच्या रुआ दिरैता या मुख्य रस्त्यावर सकाळी रोज लिलाव चाले आणि आपला ‘लिलाव’ हा शब्दही पोर्तुगीज ‘लैलांव’वरूनच आला. मुलांना बोली लावू द्या, वस्तू मात्र मिरी, दालचिनी, कापड अशाच ठेवा.

पत्रलेखनाची शाई घरी होते. ठेचलेला हिरडा तीन भाग, हिराकस दोन भाग, डिंक एक भाग, वजनाने. हिरडा रात्रभर पाण्यात भिजवून सकाळी मंद आचेवर उकळा, गाळा, कोमट असताना हिराकस आणि शेवटी डिंक घाला. लिहिताना ती फिकट दिसते, कागदावर वाळता वाळता काळी पडते, हेच मुलांना दाखवा. डाग जात नाहीत, तेव्हा बाकांवर जुनी वर्तमानपत्रं अंथरा आणि लहान मुलांच्या हाती दौत देऊ नका. पत्राची तारीख टाकताना एक गंमत: पोर्तुगालने नवं कॅलेंडर १५८२ मध्ये घेतलं, इंग्लंडने थेट १७५२ मध्ये. घरी लिहिणारा इंग्रज दहा दिवस मागे असणार.

तलवारबाजीची मागणी हमखास येते. या प्रसंगात तिची गरज नाही. तरी हवीच असेल तर बोथट धारेची, गोल टोकाची हत्यारं, प्रेक्षकांपासून तीन मीटरवर दोर, आणि शस्त्र कायद्याबाबत आधी स्थानिक पोलिस ठाण्यात विचारणा.

विषयाचं भान हवं. १५६० पासून गोव्यात इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचं धर्मन्यायालय, होतं आणि जुलै १५८३ मध्ये कुंकळ्ळीत जेझुइट मारले गेले, त्यानंतर तिथल्या गावकरांवर सूड उगवला गेला. या गोष्टी पात्रांच्या विनोदात आणू नयेत. निवेदकाने शांतपणे सांगाव्यात.

गटात सामील व्हायचं असेल, तर सर्वाधिक वेळ कपड्यांवर जातो. पहिल्या दोन-तीन कार्यक्रमांना उसने कपडे घाला, मगच शिवायला बसा. चौघेही पुरुष होते, त्यामुळे स्त्रियांनी इंग्रज बाईची भूमिका मागू नये. बाजारातली विक्रेती ही भूमिका जास्त बोलकी आहे.

पुरुषाचा सदरा लिननचा, दीड मीटर पन्ह्याचं सुमारे अडीच ते तीन मीटर कापड लागतं. बिनखळीचं जाड सुती हातमागाचं कापडही गोव्याच्या प्रसंगात चालेल. वर लोकरीचा घट्ट डबलेट (अंगाबरोबरचं जाकीट), त्याला दोनेक मीटर, आणि गुडघ्यापर्यंतची व्हेनिशियन विजार. दोन्ही एकमेकांना नाड्यांनी बांधतात: कमरेला भोकांच्या बारा जोड्या, प्रत्येकीला सुमारे ३० सेंटिमीटरची नाडी, टोकांना पितळी टोपणं. भोकं कापायची नाहीत. आरीने धागे बाजूला सारून कडेने दोरा भरायचा, म्हणजे ती फाटत नाहीत. पितळी आयलेट ठोकलं की दुरूनही खोटं दिसतं. नवखे सगळ्या नाड्या करकचून बांधतात आणि दुकानातली पेटी उचलायला वाकले की मागची शिवण उसवते. मागच्या दोन-तीन जोड्या सैल ठेवा.

डोक्यावर विणून आटवलेली लोकरी टोपी. १५७१ च्या कायद्याने सामान्य इंग्रजाला रविवारी आणि सणाला ती घालणं सक्तीचं होतं. बूट बिनटाचेचे. पॉलिस्टर अस्तर अजिबात नको: घाम आत कोंडतो आणि दिव्याची ठिणगी पडली तर वितळून अंगाला चिकटतं.

लोकर गोव्यात सोसते का? नोव्हेंबर ते फेब्रुवारी, सकाळी आठ ते अकरा किंवा चारनंतर, सोसते. वीस मिनिटांनी सावलीत बसा, टोपी काढा, मिठाचं लिंबूपाणी प्या. डोकं जड वाटलं तर डबलेटच्या गुंड्या आधी सोडा, मर्यादेचं नंतर बघा.

कार्यक्रम संपल्यावर कपडे घडी न करता सावलीत उलटे टांगा. घामट अस्तर वाळल्याशिवाय पेटीत गेलं की आठवड्यात बुरशी धरते. पावसाळ्याआधी एकदा उन्हात टाका, लोकरीला ब्रश करा, घड्यांत कडुलिंबाचा वाळवलेला पाला ठेवा आणि लोखंडी हूक असतील तर काढून घ्या, नाहीतर ऑगस्टपर्यंत कापडावर गंजाचे ठिपके उमटतात.