दोन रुग्ण गेले कुठे? – जर्नलला पेपर पाठवताना

वैद्यकीय जर्नलला पाठवलेल्या माझ्या पहिल्या पेपरवर रिव्ह्यूअरने, म्हणजे छापण्याआधी पेपर तपासणाऱ्या तज्ज्ञाने, जे लिहिलं त्यातली एक ओळ मला अजून पाठ आहे. ‘अ‍ॅबस्ट्रॅक्टमध्ये ११८ रुग्ण, टेबल १ मध्ये ११६. दोन रुग्ण गेले कुठे?’ वरच्या सारांशात एक आकडा, आत दुसरा. गेले कुठेच नव्हते. दोघांचा फॉलोअप, म्हणजे नंतरची तपासणी, अर्धवट राहिला म्हणून मीच त्यांना विश्लेषणातून वगळलं होतं, आणि वगळलं हे लिहायचं राहून गेलं. पेपर परत आला. जिला स्वतःचे रुग्ण नीट मोजता येत नाहीत तिच्या निष्कर्षावर कुणी का विश्वास ठेवावा? आता मी स्वतः रिव्ह्यू करते, तेव्हा प्रस्तावना वाचण्याआधी पेन्सिल घेऊन आकड्यांचा ताळा करून बघते. त्यामुळे इथे भाषेपेक्षा हिशोबच जास्त येईल.

नावांचं आधी ठरवा

पेपरचा पहिला शब्द लिहिण्याआधी लेखक कोण आणि कुठल्या क्रमाने, हे ठरवून सगळ्यांना ईमेलवर कळवा. तोंडी ठरलेलं शेवटच्या आठवड्यात कुणाला आठवत नाही. वैद्यकीय जर्नलांच्या संपादकांची आंतरराष्ट्रीय समिती, म्हणजे आयसीएमजेई, लेखक कुणाला म्हणावं याचे चार निकष देते: अभ्यासाची कल्पना, आखणी, डेटा गोळा करणं किंवा त्याचं विश्लेषण यात भरीव वाटा, मसुदा लिहिणं किंवा त्यात गंभीरपणे सुधारणा करणं, अंतिम आवृत्तीला मान्यता, आणि पुढे कामाबद्दल प्रश्न उठले तर जबाबदारी घेणं. चारही हवेत. एकदोन चालत नाहीत.

यातली एक गोष्ट सोयीस्करपणे विसरली जाते. पहिला निकष ज्याने पूर्ण केला त्याला बाकीचे तीन पूर्ण करायची संधी मिळायला हवी, असंही ही समिती सांगते. रात्री जागून डेटा भरणाऱ्या ज्युनिअरला मसुदा दाखवायचाच नाही, आणि मग ‘त्याने लिखाणात भाग घेतला नाही’ म्हणून त्याचं नाव गाळायचं, ही चलाखी आहे. उलट, विभागाचे प्रमुख आहेत म्हणून कुणाचं नाव घालायचं हेही चालत नाही. त्यांची जागा आभारात. हे तोंडावर सांगणं अवघड जातं, मलाही गेलं. मी चार निकषांचा कागद पुढे केला आणि ‘सर, जर्नल प्रत्येकाकडून वेगळं लिहून मागतंय’ म्हणाले. वाद तिथेच थांबला.

जर्नल आधी, लिखाण नंतर

कुठे पाठवायचं ते ठरवल्याशिवाय लिहायला बसू नका. शब्दमर्यादा, टेबलं किती चालतील, अ‍ॅबस्ट्रॅक्टची रचना, सगळं त्यावरून ठरतं. सोपी युक्ती सांगते: तुमच्या रेफरन्सच्या यादीत कुठल्या जर्नलची नावं पुन्हा पुन्हा येताहेत ते बघा. तुमच्या विषयावरची चर्चा तिथे चालू आहे. मग त्या जर्नलचे अलीकडचे अंक चाळा आणि लेखकांसाठीच्या सूचना शेवटपर्यंत वाचा. केस रिपोर्ट (एखाद्या रुग्णाची हकिगत) घेणं बंद केलंय, ही ओळ अनेकदा अगदी तळाशी असते.

‘आदरणीय प्राध्यापक’ अशा सुरुवातीचे ईमेल आणि तीन दिवसांत स्वीकारण्याची हमी दिसली की सावध व्हा. खरा पीअर रिव्ह्यू, म्हणजे त्याच विषयातल्या तज्ज्ञांनी केलेली तपासणी, तीन दिवसांत होत नाही. संपादक मंडळातल्या माणसांच्या स्वतःच्या पानावर या जर्नलचा उल्लेख आहे का, डीओएजे (खुल्या जर्नलांची यादी) किंवा मेडलाइन (निवडक वैद्यकीय जर्नलांची सूची) यांत जर्नल आहे का, ते तपासा. आणि पबमेड या वैद्यकीय लेख शोधायच्या साइटवर एखादा लेख दिसला म्हणजे ते जर्नल मेडलाइनमध्ये आहे असं समजू नका. संशोधनाला पैसा देणाऱ्या संस्थेच्या अटीमुळे लेख पबमेड सेंट्रल या पूर्ण लेखांच्या संग्रहात ठेवला गेला, तरी तो पबमेडवर दिसतो.

टेबलं आधी, वाक्यं नंतर

लिहायचा क्रम छापायच्या क्रमापेक्षा वेगळा ठेवा. मी आधी टेबलं आणि आकृत्या करते. मग मेथड्स, मग रिझल्ट्स, मग डिस्कशन, त्यानंतर प्रस्तावना, आणि सगळ्यात शेवटी अ‍ॅबस्ट्रॅक्ट नि शीर्षक. टेबलं पक्की झाली की पेपरला काय म्हणायचंय ते आपोआप ठरतं. अ‍ॅबस्ट्रॅक्ट आधी लिहिलं की नेमकं माझ्यासारखं होतं: आत आकडे बदलतात, वर जुनेच राहतात.

त्याही आधी एक काम आहे, चेकलिस्ट, म्हणजे पेपरात काय काय लिहायलाच हवं याची यादी. रँडमाइज्ड ट्रायल (रुग्ण कुठल्या गटात जाईल ते चिठ्ठी टाकल्यासारखं ठरवलेला प्रयोग) असेल तर कॉन्सॉर्ट, निरीक्षणात्मक अभ्यासाला स्ट्रोब, सिस्टिमॅटिक रिव्ह्यूला (आधीच्या अभ्यासांचा पद्धतशीर आढावा) प्रिझ्मा, केस रिपोर्टला केअर. सगळ्या इक्वेटर नेटवर्कच्या साइटवर एकत्र मिळतात. स्ट्रोबमध्ये २२ मुद्दे आहेत, २०२०च्या प्रिझ्मामध्ये २७. कॉन्सॉर्टची नवी आवृत्ती २०२५ मध्ये आली, तेव्हा मित्राच्या पेनड्राइव्हवरची जुनी वापरू नका. बहुतेक लोक ही चेकलिस्ट पाठवायच्या रात्री उघडतात आणि पान नंबर भरत सुटतात. मग कळतं की सँपल साइझ, म्हणजे किती रुग्ण लागतील ते, कशी काढली हे लिहिलेलंच नाही, आणि आता आठवतही नाही.

मेथड्स म्हणजे बराचसा तुमचा प्रोटोकॉलच (अभ्यासाआधी लिहिलेला आराखडा), फक्त ‘करू’च्या जागी ‘केलं’. पण केलं तेच लिहा. प्रोटोकॉलमध्ये तीन महिन्यांचा फॉलोअप होता आणि प्रत्यक्षात काहींचा पाच महिन्यांनी झाला, तर तसं सांगा. एथिक्स कमिटीच्या मंजुरीचा क्रमांक आणि तारीख इथेच येते. ट्रायल असेल तर नोंदणी क्रमांकही. पहिला रुग्ण घेण्याआधी नोंदणी झालेली हवी ही अट आयसीएमजेईच्या जर्नलांनी २००५ पासून लावली आहे. पेपरमधली जवळपास प्रत्येक चूक नंतर सुधारता येते, ही येत नाही. तारीख तारीखच असते.

रिझल्ट्समध्ये थोडं थांबूया, कारण रिव्ह्यूअरची पेन्सिल इथेच सर्वाधिक चालते. माझ्याकडे येणाऱ्या मसुद्यांत असं वाक्य हमखास असतं: ‘औषधाने रक्तदाब लक्षणीयरीत्या कमी झाला, पी बरोबर ०.०००.’ किती कमी झाला? कुणाच्या तुलनेत? आणि पी, म्हणजे खरा फरक नसताना निव्वळ योगायोगाने इतका किंवा याहून मोठा फरक दिसण्याची शक्यता, कधीच शून्य नसतो. सॉफ्टवेअरने तीन दशांश स्थळांपुढचं कापून टाकलेलं असतं. हेच वाक्य असं लिहा: ‘औषध घेतलेल्या गटात सिस्टॉलिक रक्तदाब दुसऱ्या गटापेक्षा सरासरी ८ मिमी जास्त उतरला, ९५ टक्के कॉन्फिडन्स इंटरव्हल ५ ते ११, पी ०.००१ पेक्षा कमी.’ कॉन्फिडन्स इंटरव्हल म्हणजे खरा फरक साधारण कुठून कुठपर्यंत असू शकतो त्याचा अंदाज. आता वाचणाऱ्या डॉक्टरला ठरवता येतं की ८ मिमी आपल्या रुग्णाच्या कामाचे आहेत की नाहीत. पी ०.०३ आला असेल तर ०.०३ च लिहा, ‘०.०५ पेक्षा कमी’ म्हणून मोघम ठेवू नका. आणि सातपैकी तीन रुग्णांना ४२.८६ टक्के म्हणू नका. सातपैकी तीन म्हणा, बास.

किती रुग्ण तपासले, किती पात्र ठरले, किती गळाले आणि का, याची चौकटीचौकटींची आकृती काढा. प्रत्येक चौकटीतली वजाबाकी हाताने करा. माझे ते दोन रुग्ण दुसऱ्या खेपेला अशाच एका चौकटीत बसले: ‘फॉलोअप अपूर्ण, २.’ त्यावर कुणी चकार शब्द काढला नाही.

डिस्कशनमध्ये पहिल्या परिच्छेदात तुमचा मुख्य निष्कर्ष, मग इतरांशी तुलना, मग मर्यादा. नवा आकडा इथे पहिल्यांदा येता कामा नये. निरीक्षणात्मक अभ्यास असेल तर ‘मुळे’ हा शब्द शोधून काढा आणि जिथे जिथे सापडेल तिथे स्वतःला विचारा की हे खरंच मला माहीत आहे का. बहुधा ‘संबंध आढळला’ इतकंच म्हणता येतं. प्रस्तावना तीन परिच्छेदांची पुरे. मधुमेहाचं जागतिक ओझं मधुमेहाच्या जर्नलच्या वाचकाला सांगायची गरज नसते.

रेफरन्स बहुतेक वैद्यकीय जर्नलं व्हँकूव्हर पद्धतीने मागतात: मजकुरात ज्या क्रमाने येतील त्या क्रमाने नंबर. १९७८ मध्ये काही संपादक व्हँकूव्हरला जमले आणि हस्तलिखित कसं असावं यावर त्यांनी एकमत केलं, तिथून हे नाव आलं. हाताने नंबर घालू नका, मध्ये एक रेफरन्स वाढला की पुढचे सगळे चुकतात. रेफरन्स सांभाळणारं झोटेरो हे सॉफ्टवेअर फुकट आहे, आणि यादीतला एखादा लेख मागे घेतला गेला असेल तर तसा इशाराही देतं. आणखी एक, अलीकडचं. एआयकडून भाषा तपासून घेतली तर तसं जाहीर करा. एआयला लेखक करता येत नाही, हे आयसीएमजेईने २०२३ मध्ये स्पष्ट केलं. एआयने सुचवलेला प्रत्येक रेफरन्स मात्र स्वतः उघडून बघा. लेखक खरे, जर्नल खरं, वर्षही शक्यतेतलं, आणि लेख अस्तित्वातच नाही, असे रेफरन्स मी रिव्ह्यूला आलेल्या पेपरांत पाहिले आहेत.

फोटोंचं काय

रुग्णाचा चेहरा असेल तर डोळ्यांवर काळी पट्टी मारून भागत नाही. ओळख लपत नाही, लेखी संमतीच लागते, आणि ती उपचाराची नव्हे तर प्रकाशनाची. एक्स-रे नि स्कॅनच्या कोपऱ्यात नाव, नंबर, तारीख असते. पॉवरपॉइंटमध्ये क्रॉप करून ती फक्त दृष्टीआड होते. कापलेला भाग फाइलमध्ये शाबूत राहतो आणि कुणीही तो परत उघडू शकतं. चित्र मुळातच कापून नव्याने सेव्ह करा. साधारणपणे ३०० डीपीआयचं रिझोल्यूशन मागतात, पण सूचना बघाच.

पाठवायच्या दिवशी

एडिटोरियल मॅनेजर असो की स्कॉलरवन, पेपर ऑनलाइन पाठवायच्या या प्रणालींत फॉर्म भरायला एक अख्खी संध्याकाळ जाते. प्रत्येक लेखकाचा ईमेल, ऑर्किड (संशोधकाचा सोळा अंकी ओळख क्रमांक), हितसंबंधांचा फॉर्म हे आठवडाभर आधी मागून ठेवा, कारण एक सहलेखक हटकून प्रवासात असतो. टायटल पेज वेगळं. रिव्ह्यूअरला लेखक कळू नयेत म्हणून मुख्य फाइलमधून नावं काढायची असतील तर फाइलच्या प्रॉपर्टीजमधलंही तुमचं नाव पुसा, आणि ‘आमच्या आधीच्या अभ्यासात’ हे शब्दसुद्धा.

कव्हर लेटर पाच-सहा ओळींचं असावं. माझं साधारण असं असतं: ‘सोबतच्या अभ्यासात आम्ही अमुक प्रश्न तपासला आणि तमुक आढळलं. हे तुमच्या वाचकांना उपयोगी पडेल असं वाटतं, कारण रोजच्या ओपीडीत त्यांना हाच निर्णय घ्यावा लागतो. हा मजकूर इतरत्र प्रसिद्ध झालेला नाही वा विचाराधीन नाही. सर्व लेखकांनी अंतिम मसुदा मान्य केला आहे.’ ‘अत्यंत महत्त्वपूर्ण’, ‘जगात प्रथमच’ वगैरे काढून टाका. संपादकाचं आणि जर्नलचं नाव मात्र दोनदा वाचा. मागच्या जर्नलचं नाव तसंच राहून गेलेली पत्रं संपादकांना नवी नाहीत. एका वेळी एकाच जर्नलला पाठवायचं, हे सांगायला नको.

शेवटी प्रणाली सगळ्या फाइली जोडून एक पीडीएफ बनवते. ‘मंजूर’चं बटण दाबायच्या आधी ती खरोखर वाचा. फाँट बदलला की मायक्रोचं ग्रीक चिन्ह साध्या ‘एम’मध्ये बदलू शकतं, आणि मायक्रोग्रॅमचं मिलिग्रॅम होतं. हजारपट डोस! हे माझ्या एका टेबलात झालं होतं. मी पकडलं ते हुशारीने नाही, तर बटण दाबायच्या ऐन वेळी इंटरनेट गेलं आणि हाताला दुसरं काम नव्हतं म्हणून.

उत्तर आल्यावर

काही दिवसांतच नकार आला तर तो बहुधा संपादकाच्या टेबलावरूनच आलेला असतो. पेपर जर्नलच्या विषयात बसला नसेल. मनाला लावून घेऊ नका, दुसरीकडे पाठवा. पण रिव्ह्यूअरचे शेरे मिळाले असतील तर ते दुरुस्त केल्याशिवाय पाठवू नका. एका विषयातले रिव्ह्यूअर मोजकेच असतात. एकदा मी ज्या पेपरमधली टेबल २ ची बेरीज चुकल्याचं लिहून दिलं होतं, तोच पेपर दुसऱ्या जर्नलकडून माझ्याकडेच आला. बेरीज तशीच.

‘रिव्हिजन’ आलं तर आनंद माना आणि एक दिवस काही करू नका. पहिल्या दिवशी लिहिलेली उत्तरं भांडखोर होतात. मग प्रत्येक शेरा जसाच्या तसा उतरवून त्याखाली उत्तर आणि पान-ओळ द्या. ‘दोन रुग्ण गेले कुठे?’ याखाली मी लिहिलं होतं: ‘चूक लक्षात आणून दिल्याबद्दल आभार. दोन रुग्णांचा फॉलोअप अपूर्ण असल्याने ते विश्लेषणातून वगळले होते. हे आता मेथड्समध्ये, पान ५, ओळ १२ वर, आणि आकृती १ मध्ये नमूद केलं आहे.’ रिव्ह्यूअरचा गैरसमज झाला असेल तरी वाक्य बदला. तो गोंधळला तर वाचकही गोंधळेल. पटत नसेल तर कारण देऊन नम्रपणे नाही म्हणा, तेही चालतं. शेरा गाळणं मात्र चालत नाही.

पेपर स्वीकारल्यानंतर प्रूफ, म्हणजे छपाईआधीची तपासायची प्रत, येतं आणि उत्तराला बहुतेकदा दोनच दिवस मिळतात. टेबलांचे स्तंभ सरकलेत का, दशांश चिन्हं जागेवर आहेत का, हे मूळ फाइल शेजारी ठेवून बघा. माझ्या त्या ११६ रुग्णांच्या पेपरचं प्रूफ आम्ही चौघांनी आकडा न आकडा तपासलं, एकही चुकला नव्हता. छापून आल्यावर दिसलं की माझ्या आडनावातलं एक अक्षर गेलं होतं, आणि त्याची दुरुस्ती पुढच्या अंकात वेगळी छापावी लागली.