स्टॉकहोमला निघालेल्या स्टुडिओवाल्यांनो, एप्रिल-मे हातचा घालवू नका

गेल्या रविवारी संध्याकाळी शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर तिघं जण मला भेटायला आले होते. दोघं गोरेगावच्या एका अ‍ॅनिमेशन स्टुडिओत कॉम्प (शॉटचे वेगवेगळे थर एकत्र जोडणं) करतात, तिसरा मालाडला बॅकग्राउंड पेंटिंग. तिघांचीही मार्चमधली स्टॉकहोमची तिकिटं झालीत. दीड तास बोललो. त्यातला सव्वा तास जॅकेट, घरभाडं, कर आणि बॅगेत कुकर न्यावा का, यातच गेला. उठता उठता त्यांच्यातल्या मुलीने विचारलं, "ताई, तिथे काम सुटल्यावर माणसं करतात काय?"

अकरा वर्षांपूर्वी मी स्टॉकहोमला कामाला गेले तेव्हा मला हा प्रश्न सुचलासुद्धा नव्हता. माझे पहिले दोन वसंत डेस्कवर गेले आणि तिसरा आजारपणात. दरवर्षी मुंबईहून नवी मुलं येतात आणि माझ्याच वाटेने जातात. आणखी महिनाभर मी इथे दादरला आईकडे आहे, हाताशी वेळ आहे, म्हणून लिहून ठेवते.

कुकर न्या. गोडा मसाला आईच्या हातचा न्या. पर्सनल नंबर (तिथला ओळख क्रमांक), बँक, घर ही कामं एकामागून एक होत जातात, त्यांची धास्ती घेऊ नका.

डिसेंबरच्या अंधाराबद्दल तुम्हाला सगळ्यांनी घाबरवलं असेल. वसंतातल्या उजेडाबद्दल मात्र कोणी बोलत नाही, आणि आपल्या धंद्यातल्या माणसाला खरा त्रास तिथे होतो. मुंबईत सूर्य सहा ते सव्वासातच्या मध्ये कधीतरी मावळणारच. थंडीतला दिवस साधारण 11 तासांचा, पावसाळ्याच्या तोंडावरचा सव्वातेरा तासांचा. स्टॉकहोमला डिसेंबरात दिवस जेमतेम 6 तासांचा असतो आणि जूनमध्ये साडेअठरा तासांचा. मधलं अंतर तोडायचं म्हणून मार्च-एप्रिलमध्ये दिवस रोज पाच मिनिटांहून जास्त वाढतो, म्हणजे आठवड्याला अर्ध्या तासापेक्षा जास्त. त्यात मार्चच्या शेवटच्या रविवारी घड्याळं तासभर पुढे जातात. (घरच्यांना सांगून ठेवा, भारताशी साडेचार तासांचा फरक त्या दिवसापासून साडेतीनचा होतो.) सोमवारी संध्याकाळी सात वाजता तुम्ही मान वर करता, तर खिडकीबाहेर अजून ऊन. एप्रिल संपता संपता सूर्यास्त पावणेनऊच्या पुढे गेलेला असतो, मेअखेरीला पावणेदहाच्या आसपास.

मग होतं काय, दिवस संपला हे कळतच नाही. "अजून उजेड आहे, हा एक शॉट काढून टाकू," असं म्हणत नऊ वाजतात. घरी येऊन झोप लागते न लागते तोच साडेतीन-चारला फटफटतं आणि पक्षी सुरू होतात. दोन आठवडे असे गेले की रंगांचा अंदाज चुकायला लागतो, मनासारखं काही सुचत नाही आणि चिडचिड होते. तुम्हाला वाटतं नवीन कामाचं दडपण आहे. दडपण थोडं असतं, बाकी सगळं न झालेल्या झोपेचं असतं. घर लागलं की पहिल्या पगारात पूर्ण अंधार करणारे जाड पडदे घ्या, सोफा नंतर.

मुंबईत आपण नाइट मारतो त्याला कारणं आहेत. बाहेर उकाडा, स्टुडिओत एसी, घरी जायला दीड तास, आणि क्लायंट अमेरिकेत. तीच सवय तिथे घेऊन गेलात तर नुकसान तुमचंच आहे, आणि ते कसं होतं ते नीट समजून घ्या. स्वीडनमध्ये कायद्याने आठवडा 40 तासांचा आहे, दोन दिवसांच्या कामामध्ये सलग 11 तासांची विश्रांती मिळायला हवी. प्रोड्युसर साडेचारला मुलाला पाळणाघरातून आणायला निघून गेलेला असतो. तुम्ही साडेआठपर्यंत बसलात हे त्याला दिसत नाही. त्याला दिसतं ते इतकंच की सहा दिवसांचा शॉट चार दिवसांत झाला. पुढच्या प्रोजेक्टला तशाच शॉटची बिड, म्हणजे दिवसांचा अंदाज, चारचीच लागते. शेजारचा स्वीडिश सहकारी खरे सहा दिवस सांगतो, म्हणून त्याच्यावर कोणी रागावत नाही. "किती दिवस लागतील?" असं विचारलं की आपल्या तोंडून "होईल, होईल" निघतं. तिथे तो प्रश्न नुसता विचारायचा म्हणून विचारलेला नसतो, त्यांना खरोखर आकडा हवा असतो. पहिल्या आठवड्यापासून खरा आकडा सांगा. वसंतात बाहेर पडता येईल की नाही, हे त्या आकड्यावर ठरतं.

मी काय करते ते सांगते. आठला स्टुडिओत. डोकं लागणारं काम सगळं जेवणाच्या आधी. साडेअकरा-बाराला स्वीडिश लोक जेवायला उठतात, तेव्हा मी डबा पंधरा मिनिटांत संपवते आणि अर्धा तास चालून येते, पाऊस असो की बर्फ. नोट्स, रेंडर, फाइल लावणं हे दुपारी. मंगळवारी आणि गुरुवारी चारला निघते, आणि ते कॅलेंडरवर सगळ्यांना दिसेल असं लिहिलेलं आहे. कॅलेंडरवर लिहिलेल्या गोष्टीला तिथे मान आहे. दोन ओळी आधी टाकल्या असतील तर त्या वेळेत मीटिंग कोणी लावत नाही. डिलिव्हरीच्या, म्हणजे पुरं झालेलं काम क्लायंटला सोपवायच्या, दोन-तीन आठवड्यांत मंगळवार-गुरुवार जातात. दुपारचं चालणं मी तेव्हाही सोडत नाही.

एक कामाची सूचना. बाहेरून आल्या आल्या रंगाचा निर्णय घेऊ नका. उन्हातून आणि बर्फावरच्या चकाकीतून अंधाऱ्या खोलीत आलात की डोळे सरावायला पंधरा-वीस मिनिटं लागतात. मार्च-एप्रिलमधला सूर्य खाली असतो, तो सरळ खिडकीतून मॉनिटरवर येतो. पहिल्या वर्षी अशाच एका संध्याकाळी मी सात शॉट काढले होते, सकाळी डेलीजमध्ये, म्हणजे रोजचे शॉट एकत्र बघतात तेव्हा, सगळे निळसर पडले.

आणि बाहेर जाणं म्हणजे कामातून वेळ काढणं असं समजू नका. तुमच्यातले जे.जे. कलाशाळेतले पहाटे बाणगंगेला किंवा ससून डॉकला लँडस्केपला गेले असतील. तसंच हे आहे. एप्रिलच्या मध्याला बर्च झाडांना पानं नसतात, तरी दुरून पाहिलं तर सगळी राई जांभळट दिसते, कारण कोवळ्या फांद्यांचा रंगच तसा असतो. मी वर्षानुवर्षं ती राई राखाडी रंगवत होते. मग पानं फुटतात, त्यांना तिथे 'उंदराचे कान' म्हणतात, आणि खरोखर तेवढीच असतात. हिरवा इतका पिवळट की रेफरन्सशिवाय दाखवला तर सुपरवायझर परत पाठवेल. आठवड्याभरात तो हिरवा संपतो. खिशात लहान वही ठेवा.

वसंत म्हणजे आपल्याला मोहोर, कोकिळा, पांगारा. तिथला हवामान विभाग वसंत मानतो तो दिवसाचं सरासरी तापमान सलग सात दिवस शून्याच्या वर आणि 10 अंशांच्या खाली राहिलं की. आकडा लक्षात ठेवा आणि तसे कपडे घाला. एप्रिलमधलं ऊन फसवं असतं, सावलीत गेलात की 4 अंश. लोकरीचा आतला थर, वारा अडवणारं जॅकेट, आणि बसायला फोमची छोटी घडी, ती तिथे प्रत्येकाच्या पाठपिशवीत असते.

तळ्यांवरच्या बर्फावर मार्चनंतर पाय ठेवू नका, कोणी चालताना दिसलं तरी नाही.

आता ज्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं ते. गोचीड. आपल्याकडे कुत्र्याला, गुरांना होते, आपण तिला फारसं मोजत नाही. तिथे तिला फेस्टिंग म्हणतात, आणि हवा 5 अंशांच्या वर गेली की ती गवतात, झुडपांत जागी होते. लहान असते तेव्हा खसखशीच्या दाण्याएवढी. चावलेलं कळत नाही.

माझ्या तिसऱ्या वर्षी, मे महिन्यात, मालिकेची डिलिव्हरी दोन आठवड्यांवर होती. एका रविवारी मैत्रिणींबरोबर बोटीने बेटावर गेले, तीन तास गवतात बसलो. दहा-बारा दिवसांनी गुडघ्याच्या मागे चट्टा दिसला. मला वाटलं, घामोळं असेल, जीन्स घासली असेल. आपल्या सावळ्या कातडीवर तो पुस्तकातल्या फोटोसारखा लालभडक दिसत नाही, नुसता काळपट, किंचित उबदार गोल दिसतो. रोज आंघोळ करताना दिसायचा आणि रोज मी म्हणायचे, डिलिव्हरी होऊ दे, मग दाखवू. डिलिव्हरी झाली, चट्टा गेला, मी विसरले. जूनच्या शेवटी एका सकाळी चूळ भरताना पाणी ओठाच्या डाव्या कोपऱ्यातून गळायला लागलं. आरशात पाहिलं तर अर्धा चेहरा खाली आलेला. डावा डोळा मिटत नव्हता. पाठीच्या कण्यातून पाणी काढून तपासलं, बोरेलिया निघाला, म्हणजे गोचिडीतून येणारा जंतुसंसर्ग, तो नसांपर्यंत पोचला होता. डॉक्सिसायक्लिनच्या गोळ्या मिळाल्या. रात्री डोळ्याला पट्टी, दिवसा थेंब. मॉनिटरसमोर पाच आठवडे बसता आलं नाही. आईला व्हिडिओ कॉल करायचा नाही म्हणून रोज नवं कारण शोधत होते. ऑगस्टअखेरीला चेहरा जागेवर आला. पहिल्या आठवड्यात चट्टा दाखवला असता तर दहा-बारा दिवसांच्या गोळ्यांत विषय संपला असता.

म्हणून नीट वाचा. बाहेरून आलात की त्याच रात्री कपडे काढून अंग तपासा. गुडघ्यामागे, जांघेत, काखेत, बेंबीत, कानामागे, केसांच्या कडेला. पाठ दुसऱ्याला बघायला सांगा, लाजू नका. सापडली तर बारीक टोकाच्या चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढा. खोबरेल तेल, तूप, काडीचा चटका, असलं काहीही करू नका. जागा आणि तारीख फोनमध्ये लिहून ठेवा. पुढच्या महिन्याभरात तिथे पाच सेंटिमीटरहून मोठा चट्टा उमटला तर 1177 या आरोग्य सल्ल्याच्या नंबरवर फोन करा, इंग्रजीत बोलतात. डिलिव्हरी असली तरी करा.

बोरेलियाला लस नाही. गोचिडीमुळे मेंदूला सूज येणारा दुसरा आजार आहे, टीबीई, त्याला लस आहे आणि औषध नाही. स्टॉकहोमचा परिसर आणि बेटं या आजाराच्या पट्ट्यात येतात. गोचीड लवकर काढली तर बोरेलिया बहुतेक वेळा टळतो, टीबीईचा विषाणू मात्र चावल्याबरोबर अंगात जातो. पहिले दोन डोस एक ते तीन महिन्यांच्या अंतराने, तिसरा त्यानंतर पाच ते बारा महिन्यांनी. पैसे आपल्या खिशातून जातात. मार्चमध्ये पोचल्यावर पहिला डोस लगेच घ्या. आपले जुने लोक म्हणतील, "आम्ही कधी घेतली नाही, काही झालं नाही." त्यातले बरेच जण पार्किंगच्या पलीकडे जंगलात पाऊल टाकत नाहीत.

आपल्या लोकांबद्दल बोलतेच आहे तर एवढंही सांगते. पहिल्या वर्षी सगळे शनिवार-रविवार जेवणावळींत जातात. माणसं प्रेमळ आहेत, अडीअडचणीला धावून येतात, मलाही आजारपणात त्यांनीच डबा दिला. पण उन्हाच्या एकेका रविवारी दुपारी बारा ते सात पडदे ओढून मुंबईतल्या फ्लॅटच्या किमतींवर बोलणं मला बघवत नाही. दोन रविवार तिकडे द्या, दोन बाहेर.

स्वीडिश लोक लिफ्टमध्ये बोलत नाहीत म्हणून त्यांना कोरडं समजू नका. मार्चमध्ये पहिलं ऊन पडलं की हॉटोर्गेट चौकातल्या निळ्या कॉन्सर्ट हॉलच्या पायऱ्यांवर जाऊन बघा, माणसं डोळे मिटून सूर्याकडे तोंड करून बसलेली असतात. त्यांच्या शेजारी बसा. माझी पहिली स्वीडिश मैत्रीण तिथेच झाली.

रजेचं सहीच्या आधी विचारा. कायद्याने वर्षाला 25 दिवस आहेत, पण रजेचं वर्ष 1 एप्रिलला सुरू होतं आणि पगारी रजा आधीच्या वर्षात कमावलेली लागते. मार्चमध्ये लागलात तर कमावलेली जवळजवळ नसतेच. बरेच जण आगाऊ देतात, ते लेखी घ्या. मेमध्ये एक गुरुवार येशूच्या स्वर्गारोहणाच्या सुट्टीचा असतो, मधल्या शुक्रवारला क्लेमदाग म्हणतात, तो लवकर मागून ठेवा.

जायचं कुठे? जंगलाला फाटक नाही, तिकीट नाही. कोणाच्याही रानातून चालायची, रात्रभर तंबू ठोकायची मुभा आहे, घराजवळ नको आणि काही मोडायचं नाही. अल्लेमान्सरेत्तेन म्हणतात त्याला. वसंतात काही बेटं पक्ष्यांच्या विणीसाठी बंद असतात, पाटी वाचा. पहिल्यांदा जाणाऱ्याला मी टिरेस्ता सांगते, शहरापासून साधारण 20 किलोमीटरवर, 1993 पासून राष्ट्रीय उद्यान, जुनी पाइनची झाडं. 1999 साली तिथे मोठी आग लागली होती. जळलेल्या भागात आता पोरसवदा बर्च उभे आहेत, उंदराचे कान तिथेच बघायला मिळतात.

मी मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात परत जाते. एप्रिलच्या तिसऱ्या रविवारी आपण सगळे टिरेस्ताला जाऊ. मोजे लांब घाला, पँट मोज्यांत खोचा. थालीपिठं आणि चिमटा मी आणते.