जुन्या ऑफ-रोड आरसी गाड्यांची शर्यत: कोणती गाडी कोणत्या वर्गात?

ग्रासहॉपर आणि आरसी-१० या रिमोटवर चालणाऱ्या (आरसी) दोन्ही बग्ग्या १९८४ सालच्या. दोन्ही १:१० प्रमाणातल्या आणि दोन्हींची फक्त मागची चाकं ओढणारी. पण तामिया या जपानी कंपनीच्या ग्रासहॉपरला मुळात लहान ३८० मोटर (हा आकडा मोटरच्या आकाराचा), मागचा ॲक्सल गिअरबॉक्ससकट एकत्रच वरखाली हलणारा आणि शॉकमध्ये, म्हणजे धक्के शोषणाऱ्या नळ्यांत, तेलाचा थेंब नाही. टीम असोसिएटेड या अमेरिकन कंपनीच्या आरसी-१० ला सोनेरी ॲनोडाइझ केलेलं ॲल्युमिनियमचं चेसिस (खालचा सांगाडा), चारही चाकांना स्वतंत्र सस्पेन्शन आणि तेल भरलेले शॉक. ‘१९८५ पूर्वीच्या गाड्या’ असा सरसकट वर्ग केला तर या दोघी एका रेषेवर उभ्या राहतील आणि निकाल पहिल्या वळणालाच लागेल.

म्हणून पात्रतेचे नियम लिहायला बसाल तेव्हा आधी हे ठरवा: गाडी किती जुनी आहे हे नंतर, तिचा आराखडा काय आहे हे आधी. पुढचं सगळं यावरच उभं आहे. मुंबईत दहा-पंधरा जणांनी एकत्र येऊन मैदानावर शर्यत लावायची असेल, तर नियमांचं एक पान पुरतं. ते कसं लिहायचं ते सांगतो.

आधी गाड्या मोजा, मग वर्ग पाडा

परदेशातल्या मोठ्या मेळाव्यांचे नियम पाहून सात-आठ वर्ग पाडायचा मोह होतो. तो टाळा. आपल्याकडे ऐंशीच्या दशकात या गाड्या दुकानातून कमी आणि आखातातल्या किंवा बोटीवर नोकरी करणाऱ्या नातेवाइकांच्या सामानातून जास्त आल्या. त्यामुळे माळ्यावरून खाली उतरतात त्या बहुतेक तामियाच, आणि त्यांच्या जोडीला अलीकडे घेतलेल्या पुनर्निर्मित, म्हणजे कंपनीने जुन्या आराखड्यावर पुन्हा काढलेल्या गाड्या. येणाऱ्या प्रत्येकाकडून गाडीचं नाव, मोटर आणि बॅटरी आधीच लिहून घ्या. एका वर्गात पाच गाड्या जमत नसतील तर तो वर्ग काढू नका. जवळच्या वर्गात सामावून घ्या.

तीन वर्ग पुरेत

पहिला वर्ग साध्या गाड्यांचा. मागचा ॲक्सल अखंड असलेली कोणतीही टू-व्हील ड्राइव्ह गाडी यात बसते, म्हणजे ग्रासहॉपर आणि हॉर्नेट. शिवाय १९८४ च्या आधी बाजारात आलेले टू-व्हील ड्राइव्ह आराखडे: १९७९ च्या रफ रायडर आणि सँड स्कॉर्चर, १९८२ ची क्योशो कंपनीची स्कॉर्पियन, १९८३ ची फ्रॉग. फ्रॉगचं मागचं सस्पेन्शन स्वतंत्र आहे, त्यामुळे ती ग्रासहॉपरपेक्षा वळणात बरी चालते. पण सगळ्यांना एकच मोटर दिली की हा फरक चालवणाऱ्याच्या हाताने भरून निघण्याइतका राहतो.

दुसरा वर्ग स्पर्धेसाठीच बनवलेल्या टू-व्हील ड्राइव्ह बग्ग्यांचा: आरसी-१०, क्योशो अल्टिमा, १९८८ ची लोसी कंपनीची जेआरएक्स-२. १९८५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या डेल मारला १:१० ऑफ-रोडची पहिली जागतिक स्पर्धा झाली, तेव्हा टू-व्हीलमध्ये जे हॅल्सी आरसी-१० घेऊन जिंकला. १९८७ ला इंग्लंडमध्ये जोएल जॉन्सनने अल्टिमावर तेच पद मिळवलं. त्या मातीतल्या गाड्या पहिल्या वर्गात घालणं दोन्ही बाजूंना अन्यायाचं. तामियाची फॉक्स स्पर्धेच्या गाड्यांइतकी तयारीची नाही, पण मागचं सस्पेन्शन स्वतंत्र आहे आणि साल १९८५ आहे, म्हणून तीही इथेच.

तिसरा वर्ग फोर-व्हील ड्राइव्हचा. तामियाची हॉटशॉट (१९८५), बूमरँग (१९८६), अवांते (१९८८), चेनवर चालणारी क्योशो ऑप्टिमा, बेल्टवर चालणारी शूमाखर कंपनीची कॅट. खरं तर हॉटशॉटला पुढे एक आणि मागे एक असे दोनच शॉक, त्यामुळे कॅटसमोर ती कमी पडते. मासामी हिरोसाका १९८७ ला फोर-व्हीलचा जगज्जेता झाला तो कॅटवरच. गाड्या वाढल्या तर याच वर्गाचे आधी दोन भाग करा. तोवर हॉटशॉटवाल्यांची वेळ वेगळी लिहून त्यांच्यातला पहिला वेगळा जाहीर करा.

शेवटची रेषा कुठे ओढायची? मी ती १९९० च्या अखेरीस ओढतो. त्यानंतर साच्यात ओतलेली कंपोझिट चेसिस आली, २.२ इंची रिम रुळले, शॉक लांब झाले. १९९१ ची टॉप फोर्स, १९९३ ची लोसी एक्सएक्स, १९९५ ची आरसी-१० बी-२ या सुंदर गाड्या आहेत, पण त्यांना नव्वदीचा स्वतंत्र वर्ग मिळायला हवा. तो गाड्या जमतील तेव्हा काढा.

पुनर्निर्मित गाडी मूळ गाडीच धरा

वाद सर्वांत जास्त इथे होतात. तामियाने हॉर्नेट २००४ मध्ये पुन्हा काढली, हॉटशॉट २००७ मध्ये, सँड स्कॉर्चर २०१० मध्ये. क्योशोने स्कॉर्पियन २०१४ ला आणि ऑप्टिमा २०१६ ला परत आणली. काही भाग मजबूत केले, काही ठिकाणी आजच्या बॅटरीसाठी जागा केली, पण आराखडा तोच. या गाड्या मूळ गाडीच्याच वर्गात घ्या, वेगळा दंड लावू नका. चाळीस वर्षांपूर्वीचं खरं प्लॅस्टिक इतकं ठिसूळ झालेलं असतं की पुनर्निर्मित गाड्या नसत्या तर मैदानात शर्यत लागलीच नसती. ज्याच्याकडे मूळ गाडी आहे त्यालाही तिचे सुटे भाग त्यामुळेच मिळतात.

यादी करताना नावाची खबरदारी घ्या. रफ रायडर २००९ मध्ये परत आली ती बग्गी चॅम्प या नावाने. यादीत फक्त जुनं नाव असेल तर नवा माणूस आपली गाडी बाद समजून घरी बसेल. तामियाच्या बाबतीत किटचा क्रमांक लिहिणं सगळ्यात सोपं: मूळ हॉर्नेट ५८०४५, पुनर्निर्मित ५८३३६, ग्रासहॉपर ५८०४३ आणि ५८३४६, फ्रॉग ५८०४१ आणि ५८३५४. क्रमांक खोक्यावर छापलेला असतो.

उलट, नुसती जुनी दिसणारी गाडी घेऊ नका. तामियाची बीबीएक्स पाहिली की १९७९ ची आठवण येते, पण तिचं चेसिस आजचं आहे. डीटी-०३ या आजच्या चेसिसवरच्या निओ फायटर बग्गीचंही तसंच. बॉडी कोणतीही असो, निर्णय चेसिसवर घ्यायचा, हे वाक्य नियमांत जसंच्या तसं टाका.

काय बदलायला परवानगी, काय नाही

झिजणारी वस्तू बदलता येईल आणि गाडीची ठेवण बदलता येणार नाही, या धोरणाने चला. प्लॅस्टिकच्या बुशऐवजी बॉल बेअरिंग खुशाल लावू द्या. तामियाच्या बऱ्याच गाड्यांना लागणारं माप ५×११×४ मिलिमीटर; नागदेवी स्ट्रीटला बेअरिंगच्या दुकानात माप सांगून विचारा. स्क्रू, सर्व्हो, वायरी, कनेक्टर, शॉकमधलं तेल आणि स्प्रिंग, गिअर, बॉडी यांनाही मोकळीक असावी. पातळ पॉलिकार्बोनेटची नक्कल केलेली बॉडी चालेल, फक्त आकार त्या मॉडेलचाच हवा. ड्रायव्हरची बाहुली असलेल्या गाडीत ती असावी, असा मी तरी आग्रह धरतो. वेगाशी तिचा काही संबंध नाही, पण ती नसली की गाडी उघडीबोडकी दिसते.

मोटर कारखान्यातून जिथे आली तिथेच राहील. हा नियम ठळक लिहा. आजच्या टू-व्हील स्पर्धेच्या बग्ग्यांत मोटर ॲक्सलच्या पुढे, गाडीच्या मध्यावर असते. बहुतेक जुन्या टू-व्हीलमध्ये ती मागे. जुन्या गाडीत मोटर मध्ये सरकवली की ती नावापुरतीच जुनी उरते. ऑप्टिमा मिडसारख्या गाडीत ती मुळातच मध्यावर आहे, तिला अर्थातच हरकत नाही.

सस्पेन्शनचे हात, हब आणि शॉक टॉवर मूळचे, किंवा त्या मॉडेलसाठी बनवलेले. त्या काळी आरसी-१० साठी ग्राफाइटची चेसिस मिळत असे. तशी चेसिस दुसऱ्या वर्गात चालेल की नाही हे एका शब्दात लिहून टाका. मी ‘चालेल’ लिहितो, कारण त्या काळच्या शर्यतीत ती होती. आणि चेसिस कापायचं नाही. आजची चौकोनी लायपो (लिथियम-पॉलिमर बॅटरी) बसवायला जुन्या गाडीचा बॅटरीचा खाचा तासलेला पाहिला की पोटात तुटतं. गोल कडांच्या लायपो मिळतात, त्या वापरा.

मोटर आणि बॅटरी

बरोबरी साधायची खरी जागा हीच. पहिल्या वर्गात सगळ्यांना एकच: न उघडणारी ब्रशची ५४० मोटर, जिला सगळे सिल्व्हर कॅन म्हणतात. ग्रासहॉपरमध्ये ३८० च्या जागी ती बसते, म्हणून ग्रासहॉपरवाल्यालाही तीच द्या. दुसऱ्या-तिसऱ्या वर्गात २७ टर्नची (टर्न म्हणजे आतल्या तारेचे वेढे; ते जितके कमी तितकी मोटर वेगवान) ब्रश मोटर किंवा २१.५ टर्नची सेन्सर असलेली ब्रशलेस, स्पीड कंट्रोलरचं टायमिंग (मोटरचा वेग वाढवणारी सेटिंग) शून्यावर. १७.५ टर्नलाही लोक मागणी करतात. माझ्या मते जुन्या गिअरबॉक्सना ती जड जाते, आणि गिअर तुटला की त्या माणसाचा दिवस तिथेच संपतो.

बॅटरी सहा सेलची ७.२ व्होल्टची निकेल-मेटल हायड्राइड, किंवा कडक कवचाची दोन सेलची ७.४ व्होल्टची लायपो. एका वर्गात दोन्ही असतील तर लक्षात ठेवा, लायपो शेवटपर्यंत व्होल्टेज टिकवते आणि निकेलची पाचव्या मिनिटाला मवाळते. म्हणून फेऱ्या पाच मिनिटांच्याच ठेवा. सुरुवातीच्या रेषेवर लायपोचं व्होल्टेज मोजा, ८.४ च्या वर एकही गाडी सोडू नका.

सुरक्षेचा एक नियम कोणालाही माफ करू नका. जुन्या गाड्यांत सर्व्होने फिरणारा यांत्रिक स्पीड कंट्रोलर असतो. त्याला बॅटरी संपत आल्याचं कळत नाही आणि लायपोचा सेल ३ व्होल्टच्या खाली गेला की तो खराब होतो, फुगतो, पुढच्या चार्जिंगला पेटूही शकतो. यांत्रिक कंट्रोलर लावायचा असेल तर निकेलचीच बॅटरी, किंवा लायपोला व्होल्टेजचा अलार्म. त्याचा रेझिस्टर तापतो, तो बॉडीला आणि वायरींना टेकलेला नाही हेही बघा. अलार्म आणि कनेक्टर लॅमिंग्टन रोडला मिळतात.

टायर आणि आपली माती

रिमचा व्यास मूळचाच हवा. एकाने मोठे आधुनिक रिम आणि आजचे मऊ टायर लावले की बाकीच्यांनी मोटर-बॅटरीवर पाळलेली शिस्त वाया जाते. रबर नवं चालेल, किंबहुना नवंच लावा, कारण जुनं तडकलेलं असतं. नक्षी त्या काळची: पुढे उभ्या कड्या, मागे काटे.

मुंबईतल्या मैदानांची जमीन उन्हाळ्यात दगडासारखी घट्ट आणि वर भुसभुशीत धूळ, अशी असते. मागचे लांब काटे तिथे लवकर झिजतात, म्हणून एका दिवसात टायर बदलायला परवानगी ठेवा. जुहू किंवा अक्साच्या वाळूत शर्यत लावायची हौस अनेकांना येते. सँड स्कॉर्चर तिथे शोभते खरी, पण ओली खारी वाळू बेअरिंग आणि धातूचे भाग खाते. हौस करायचीच तर कोरड्या वाळूत, आणि घरी आल्यावर गाडी उघडून गोड्या पाण्याने पुसून काढा.

रिमोट २.४ गिगाहर्ट्झचा असेल तर प्रश्न नाही. २७ मेगाहर्ट्झचे जुने सेट आणणाऱ्यांचे क्रिस्टल (रिमोटची फ्रिक्वेन्सी ठरवणारा भाग) आधी लिहून घ्या. एकाच क्रिस्टलच्या दोन गाड्या एकाच फेरीत सोडल्या की एक नक्की भिंतीवर जाते.

शर्यतीच्या सकाळी

मैदान महापालिकेचं असेल तर वॉर्ड ऑफिसात आधी विचारा, आणि क्रिकेटवाले उतरायच्या आत सकाळी लवकर पोचा. टेबलावर चारच गोष्टी लागतात: नियमांचं पान, स्केल, मल्टिमीटर आणि रंगाचं पेन. प्रत्येक गाडीची बॉडी काढून चेसिस पाहा, मोटरवर रंगाचा ठिपका द्या, रिम मोजा, मोबाइलवर एक फोटो काढा. एका गाडीला दोन-तीन मिनिटं पुरतात.

‘काका, ही बाबांची गाडी आहे, चालेल का?’ असं विचारत एखादा मुलगा यादीत नसलेलं मॉडेल घेऊन येईलच. त्याला परत पाठवू नका. आराखडा बघा, जवळच्या वर्गात पळू द्या, वेळ लिहा, फक्त त्या दिवशी क्रमवारीत धरू नका. नंतर सगळ्यांनी मिळून ते मॉडेल यादीत कुठे बसतं ते ठरवा आणि पुढच्या वेळेपासून तसं लिहा. हरकत कोणाला घ्यायची असेल तर ती फेरी सुरू होण्याआधी घ्यावी. निकालानंतरच्या हरकती फक्त मोटर आणि बॅटरीबद्दलच ऐका, कारण तेवढ्याच गोष्टी तपासणीनंतर बदलता येतात.

हंगाम सुरू असताना नियम बदलू नका. पावसाळ्याचे चार महिने मैदानावर चिखल असतो, तेव्हा सूचना गोळा करा, वाद घाला, यादी वाढवा, आणि दसऱ्याच्या सुमारास नवं पान तारीख घालून सगळ्यांना पाठवा.