बळदात निघालेली गाण्याची पेटी : चावी भरण्याआधी

आमच्या अंबाजोगाईच्या माळवदाच्या घरातलं धान्याचं जुनं बळद रिकामं करताना काळ्या रेक्झिनची एक पेटी निघाली. धाकटे दीर म्हणाले, ‘वहिनी, पायपेटी दिसतीय.’ झाकण उघडलं तर आत कापड लावलेली थाळी. पायपेटी कसली, चावीचा ग्रामोफोन! एचएमव्हीचं १०२, म्हणजे १९३१मध्ये आलेलं मॉडेल.

तुमच्याकडं अशी पेटी निघाली तर लगेच चावी भरू नका. मी भरली. थाळी जड चालते म्हणून वर स्वयंपाकघरातलं करडईचं तेलही घातलं! करडई वाळली की गोंद होते. सगळं यंत्र चिकटून बसलं, रॉकेलनं धुता धुता दोन दिवस गेले.

आधी भोंगा शोधा. बाहेर दिसत नाही म्हणून पेटी अर्धवट समजू नका. एवढा मोठा भोंगा सुटकेसएवढ्या जागेत कोंबायचा, हीच तर या पेट्यांची सगळी कारागिरी. लंडनच्या डेक्का पेटीत, १९१४ साली, झाकणातच वाडग्यासारखा पत्रा होता. सुईच्या दांडीतला आवाज त्यावर आदळून बाहेर यायचा. पहिल्या महायुद्धात सैनिकांनी ती थेट खंदकात नेली. १०२मध्ये भोंगा पेटीच्या पोटात वळवलेला आहे, त्याचं तोंड मागं बिजागरीजवळ उघडतं आणि उभं झाकण आवाज पुढं लोटतं. म्हणून झाकण अर्धवट मिटून ऐकू नका. त्या तोंडात बॅटरी मारून बघा. आमच्यात उंदराचं घर होतं, चिंध्यांसकट.

मग चावी अर्धा फेरा, हलक्या हातानं. नुसतीच गरगर फिरली तर स्प्रिंग तुटलेली. चालताना मधूनच ‘धप्प’ झालं तर आतलं ग्रीस वाळलेलं. स्प्रिंगची डबी मात्र स्वतः उघडू नका, पोलादी पट्टी सुटली की बोटं कापते. वेग आवरणाऱ्या तीन छोट्या वजनांपाशी शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब पुरतो.

आवाज खरखरला तर साउंडबॉक्समधलं, म्हणजे सुई बसते त्या गोल भागातलं, रबर बघा, बहुतेक दगड झालेलं असतं. तिथं मऊ पोकळ रबरी नळी बसवा. पण स्क्रू दामटू नका, जुनं ओतकाम बिस्किटासारखं फुटतं.

वेगासाठी तबकडीखाली कागदाची चिठ्ठी अर्धी बाहेर ठेवायची आणि गाणं चालू असताना मोजायचं: मिनिटाला ७८ फेरे.

सुई तबकडीच्या दर बाजूला नवी, इथं काटकसर नको. लाखेची तबकडी सुई झिजवते आणि झिजलेली सुई तबकडी खाते. एलपी, म्हणजे नंतरची प्लॅस्टिकची तबकडी, यावर कधीच लावू नका. तबकडी स्पिरिटनं पुसू नका, लाख विरघळते.

ऐकून झालं की ब्रेक काढून चावी पूर्ण उतरू द्या. तबकड्या माळवदाखालीच ठेवा, पत्र्याच्या खोलीत नको. मे महिन्यात पापडासारख्या मुरडतात.