संसदेतलं विधेयक नेमकं कुठवर आलंय, हे कसं शोधायचं

‘लोकसभेत विधेयक मंजूर’ एवढं वाचून कायदा झाला असं धरून चालू नका. तोच मसुदा राज्यसभेतही मंजूर व्हावा लागतो, मग राष्ट्रपतींची संमती लागते. त्यानंतरही पहिलं कलम वाचा. तिथे ‘केंद्र सरकार अधिसूचनेद्वारे ठरवील त्या तारखेस’ असं असेल, तर अधिसूचना निघेपर्यंत कायदा कागदावरच. भारतीय न्याय संहितेला संमती मिळाली २५ डिसेंबर २०२३ ला, ती लागू झाली १ जुलै २०२४ पासून.

शोधताना विधेयकाचा क्रमांक आणि वर्ष हाताशी ठेवा. नुसत्या नावावर भिस्त ठेवली की जुनं, रद्द झालेलं विधेयकही समोर येतं. संसदेच्या संकेतस्थळावर एकाच विधेयकाच्या दोन-तीन प्रती असतात: मांडलेली, एका सभागृहाने मंजूर केलेली, दोन्ही सभागृहांनी मंजूर केलेली. निम्मे वाद वेगवेगळ्या प्रती वाचल्यामुळेच होतात. मांडलेल्या प्रतीच्या शेवटी उद्देश व कारणांचं निवेदन असतं. त्याच्या आसपासच, कोणत्या बाबी सरकार पुढे नियम करून ठरवणार, तेही दिलेलं असतं. हा भाग आधी वाचा. खरी मेख बहुधा तिथेच असते.

मग प्रकार ओळखा. धन विधेयक (फक्त कर, सरकारी कर्ज, सरकारी खर्च अशा पैशाच्या बाबींचं विधेयक) फक्त लोकसभेत मांडता येतं. राज्यसभेला १४ दिवस मिळतात आणि तिच्या शिफारशी लोकसभेवर बंधनकारक नसतात. विधेयक धन विधेयक आहे की नाही, हे लोकसभा अध्यक्ष ठरवतात. घटनादुरुस्तीला मात्र दोन्ही सभागृहांत स्वतंत्रपणे एकूण सदस्यसंख्येचं बहुमत आणि हजर राहून मत देणाऱ्यांपैकी दोन तृतीयांश मतं लागतात. तिथे संयुक्त बैठकीची, म्हणजे दोन्ही सभागृहांनी एकत्र बसून मतदान करण्याची, पळवाट नाही.

साध्या विधेयकावर दोन्ही सभागृहांचं जमलं नाही, किंवा दुसऱ्या सभागृहाने ते सहा महिन्यांहून जास्त काळ अडवलं, तर राष्ट्रपती संयुक्त बैठक बोलावू शकतात. ५४३ विरुद्ध २४५ अशी संख्या असल्याने तिथे लोकसभेचंच पारडं जड. आजवर अशी वेळ तीनदाच आली: १९६१, १९७८ आणि २००२. (विधानपरिषदेवरून अंदाज बांधू नका. महाराष्ट्रात संयुक्त बैठकीची सोयच नाही. परिषद विधेयक पहिल्यांदा तीन महिने आणि दुसऱ्यांदा एक महिना लांबवू शकते, बस्स. गोव्यात दुसरं सभागृहच नाही.)

निवडणूक जवळ आली असेल तर विधेयक कोणत्या सभागृहात पडून आहे ते आवर्जून पाहा. लोकसभा विसर्जित झाली की तिच्यासमोर असलेलं सगळं रद्द होतं. तिने मंजूर करून राज्यसभेकडे पाठवलेलंही. राज्यसभेत मांडलेलं आणि अजून तिथेच असलेलं तेवढं वाचतं. महिला आरक्षण विधेयक २००८ साली राज्यसभेत मांडलं होतं. २०१० मध्ये ते तिथे मंजूर होऊन लोकसभेकडे गेलं, तिथे रखडलं आणि २०१४ ला लोकसभेबरोबर बाद झालं. २०२३ मध्ये नव्याने मांडावं लागलं.

आपल्या खासदाराने कोणत्या बाजूने मत दिलं, हे दर वेळी सापडेल असं नाही. बहुतेक विधेयकं आवाजी मतदानाने होतात आणि त्यात नावांची नोंद होत नाही. कुणी मतविभागणी, म्हणजे प्रत्येकाचं मत नोंदवून मोजणी, मागितली असेल तरच कामकाजाच्या अहवालात ‘होय’ आणि ‘नाही’ खाली नावं मिळतात.