नागपूर ते मनाली, मागे ट्रेलर: हिवाळ्यातल्या टायरची तयारी

नागपूरहून मनाली साधारण सोळाशे किलोमीटर. कन्हान ओलांडली की मनसर, देवलापार, खवासा, कुरईचा घाट, सिवनी, मग सागर, झाशी, ग्वाल्हेर, आग्रा, दिल्ली. अंबाल्यापर्यंत राष्ट्रीय महामार्ग 44, तिथून चंदीगड, मंडी, कुलू. यात बर्फ लागलाच तर शेवटच्या तीस-चाळीस किलोमीटरांत. बाकी सगळा कोरडा रस्ता, त्यावर चार माणसं, सामान आणि मागे साडेसातशे किलोचा ट्रेलर. गणित चुकतं ते इथेच. डोक्यात मनालीजवळच्या सोलंगचा बर्फ असतो, म्हणून दुकानात उभं राहून मोठ्या गठ्ठ्यांचे (टायरवरच्या रबरी ठोकळ्यांचे) दणकट दिसणारे टायर घेतले जातात. ते ना बर्फावर धरतात, ना ट्रेलरसह हायवेवर सरळ चालतात.

तयारी दीड महिना आधी सुरू करा, आणि ती टायरच्या दुकानात नाही, धरमकाट्यावर. नागपुरात वाडीत किंवा कळमन्याला ट्रकचे काटे आहेत. त्याआधी गाडीचं मॅन्युअल उघडून कंपनीने ट्रेलर ओढायची परवानगी किती किलोपर्यंत दिली आहे ते बघा. आपल्याकडच्या काही एसयूव्हींच्या मॅन्युअलमध्ये हा आकडाच नसतो. तसं असेल तर डीलरकडून लेखी घ्या. ट्रेलरची वेगळी नोंदणी आणि नंबरप्लेट आहे ना, हेही तेव्हाच मार्गी लावा. आता पूर्ण भरलेली गाडी, भरलेली टाकी, बसलेली माणसं आणि जोडलेला ट्रेलर असं सगळं काट्यावर न्या. आधी फक्त पुढची चाकं काट्यावर, मग गाडीची चारही, मग ट्रेलरसकट. तीन पावत्या मिळतात. वजाबाकी केली की प्रत्येक अ‍ॅक्सलवर किती भार आहे ते कळतं.

हुकवर पडणारं वजन मात्र ट्रकच्या काट्यावर नीट कळत नाही, कारण तो पाच-दहा किलोच्या टप्प्याने मोजतो. त्यासाठी घरचा वजनकाटा पुरतो. ट्रेलर सपाट जमिनीवर, चाकांना ओट (घसरू नयेत म्हणून पाचर) लावून, कपलिंगखाली (ट्रेलरच्या हुकवर बसणाऱ्या टोकाखाली) लाकडी ठोकळा आणि त्याखाली काटा. ट्रेलर समतल राहील अशी ठोकळ्याची उंची ठेवा. साडेसातशे किलोच्या ट्रेलरला साठ ते ऐंशी किलो आले तर बरं. त्याहून फार कमी असेल तर ट्रेलर मागून शेपूट हलवतो. फार जास्त असेल तर गाडीचं नाक वर येतं.

हे ऐंशी किलो मागच्या चाकांवर ऐंशीच पडत नाहीत. हुक मागच्या अ‍ॅक्सलच्याही मागे असतो, त्यामुळे तिथे तरफ तयार होते. पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर 2.75 मीटर आणि मागच्या अ‍ॅक्सलपासून हुक 1.1 मीटर धरला, तर मागच्या अ‍ॅक्सलवर 112 किलो वाढतात आणि पुढच्या अ‍ॅक्सलवरचे 32 किलो उचलले जातात. कोरड्या रस्त्यावर हे जाणवतही नाही. बर्फावर जाणवतं, कारण स्टिअरिंग पुढे, ब्रेकचं मोठं काम पुढे, आणि पुढच्या चाकांनीच ओढणारी गाडी असेल तर ओढही पुढेच. नेमकी ती चाकं हलकी झालेली. म्हणून जड सामान ट्रेलरच्या अ‍ॅक्सलच्या आसपास आणि खाली ठेवा, डिकीच्या टोकाला नको.

आता टायरच्या भिंतीवरचे आकडे. 235/65 आर 17 108 व्ही असं लिहिलेलं असेल, तर 108 हा भाराचा निर्देशांक आहे, म्हणजे एका टायरला 1000 किलो. 104 म्हणजे 900, 100 म्हणजे 800. समजा काट्यावर मागच्या अ‍ॅक्सलवर 1480 किलो आले. एका चाकाला 740. त्यावर वीस टक्के राखून ठेवले की 890 च्या आसपास, म्हणजे 104 च्या खाली उतरायचं नाही. आणि हिशोब काहीही सांगो, दाराच्या खांबावरच्या स्टिकरवर जो निर्देशांक आहे त्याहून कमीचा टायर घ्यायचा नाही. दुकानदार 'साइझ तीच आहे' म्हणतो तेव्हा शेवटचे हे तीन अंक वाचून दाखवायला सांगा. तीच साइझ वेगवेगळ्या निर्देशांकांत येते, आणि स्वस्त पडते ती बहुतेकदा खालची. एक्सएल (एक्स्ट्रा लोड) लिहिलेला टायर जास्त हवेवर जास्त भार घेतो आणि त्याची भिंत कडक असते. ट्रेलरसाठी तो चांगला. शेवटचं अक्षर वेगाचं: क्यू 160, टी 190, एच 210, व्ही 240. ट्रेलर लावून ऐंशीच्या वर जायचंच नाही, तेव्हा वेगाच्या अक्षरामागे लागू नका, भाराकडे बघा.

खरा प्रश्न रबराचा. साध्या टायरचं रबर सात अंशांच्या खाली कडक होत जातं आणि पकड सुटते. हिवाळी टायरचं रबर थंडीतही मऊ राहतं, आणि त्याच्या गठ्ठ्यांवर शेकडो बारीक चिरा असतात. त्या दबल्या की बर्फाला चावतात. ही चीज इकडच्या रस्त्यावर मात्र भारी पडते. नागपुरात डिसेंबर 2018 अखेर पारा 3.5 अंशांपर्यंत गेला होता हे खरं, पण ती एखाद-दुसरी पहाट. जानेवारीतही दुपारी अठ्ठावीस-तीस अंश असतात. त्यात शहरभर सिमेंटचे रस्ते. मऊ रबर अशा रस्त्यावर खोडरबरासारखं झिजतं, आणि मागे ट्रेलर असेल तर गठ्ठे डुलतात, गाडी पाण्यावरच्या होडीसारखी वाटते.

म्हणून आमचा कौल असा: दरवर्षी दीड-दोन महिने वर राहणाऱ्यालाच निव्वळ हिवाळी टायर परवडतात. एका फेरीसाठी ऑल-सीझन किंवा ऑल-टेरेन टायर घ्या, पण त्यावर तीन शिखरांच्या डोंगरात हिमकण असं चिन्ह हवं. हे चिन्ह बर्फावर प्रत्यक्ष चाचणी उत्तीर्ण झाल्याशिवाय लावता येत नाही. नुसतं 'एम प्लस एस' (मड अँड स्नो) लिहिलेलं असेल तर ते गठ्ठ्यांच्या रचनेचं वर्णन आहे, चाचणीचा दाखला नव्हे. ऑल-टेरेनच्या बऱ्याच टायरांवर एवढंच असतं. मड-टेरेन तर नकोच. चिखलासाठी मोठे गठ्ठे आणि रुंद फटी असतात, पण काचेसारख्या गोठलेल्या रस्त्यावर त्या कडक गठ्ठ्यांना धरायला काहीच मिळत नाही.

असे टायर दुकानात तयार मिळतीलच असं नाही. जून 2020 मध्ये केंद्र सरकारने टायरची आयात निर्बंधित यादीत टाकली, तेव्हापासून बाहेरच्या साइझ मोजक्याच येतात. दीड महिना आधी सुरुवात करा म्हटलं ते यासाठीच. टायर आले की बसवण्याआधी भिंतीवरचे डॉट कोडचे शेवटचे चार अंक वाचा. 3724 म्हणजे 2024 चा सदतिसावा आठवडा. दीड-दोन वर्षांहून जुना 'नवा' टायर परत करा.

चारही चाकांना एकच टायर. पुढे दोन नवे आणि मागे जुने असं केलं की उतारावर ब्रेक लावताच मागचा भाग निसटतो, आणि मागे ट्रेलर असेल तर तो त्याला आणखी ढकलतो. फोर बाय फोरमध्ये तर चारही चाकांचा घेर जवळपास सारखा हवा, नाहीतर पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटून देणारा ट्रान्सफर केस विनाकारण तापतो. स्टेपनी बघा. बऱ्याच गाड्यांत ती छोटी असते. ती ट्रेलर ओढायची नाही, फक्त गावापर्यंत रांगायची. जुनेच टायर वापरायचे असतील तर टायरच्या खाचांची खोली मोजणारं छोटं गेज आणा. कायद्याला 1.6 मिलिमीटर पुरतात, बर्फाला 4 च्या खाली काही उरत नाही.

नवे टायर निघायच्या किमान दोन आठवडे आधी बसवा. साच्यातून काढताना लागलेला चिकट थर पहिल्या तीन-चारशे किलोमीटरांत जातो, तोवर पकड कमी असते. रामटेक, उमरेड, काटोल अशा दोन-तीन फेऱ्या ट्रेलर न लावता मारा. अलाइनमेंट आणि बॅलन्सिंग झालं की शंभर किलोमीटरनंतर नट पुन्हा आवळून बघा, मॅन्युअलमधल्या टॉर्कप्रमाणे, पायाने पाना दाबून नव्हे.

ट्रेलरच्या टायरांकडे कोणी बघत नाही, आणि रस्त्यात फुटतात तेच. ते झिजून मरत नाहीत, उन्हात उभे राहून मरतात. गठ्ठे कोरेकरकरीत दिसतात पण भिंतीवर केसासारख्या चिरा असतात. पाच-सहा वर्षं झाली की बदला, रिमोल्ड (जुन्या टायरवर नवं रबर चढवलेले) अजिबात नको. छोट्या ट्रेलरला बहुतेकदा छोट्या हत्तीची 145 आर 12 ही साइझ असते. आठ प्लायच्या टायरचा निर्देशांक 86/84, म्हणजे एकेरी चाकाला 530 किलो, म्हणून साडेसातशेच्या ट्रेलरला पुरून उरतो. त्याची हवा गाडीच्या जवळपास दुप्पट असते, भिंतीवर लिहिलेली. एवढ्या हवेला साधा रबरी व्हॉल्व्ह 65 पीएसआयवर थकतो, धातूचा व्हॉल्व्ह बसवून घ्या. ट्रेलरची स्टेपनी वेगळी, तिचा पाना वेगळा, आणि जॅक भरलेल्या ट्रेलरच्या अ‍ॅक्सलखाली जातो का हे घरी करून बघा. हबचं ग्रीस ताजं करून घ्या. बेअरिंग तापलं की टायरही जातो.

हवेबद्दल जरा सविस्तर. पंपावरच्या गेजवर विसंबू नका, स्वतःचं एक घ्या. सकाळी गाडी हलवण्याआधी मोजायचं. ट्रेलर लावला की मागच्या टायरांत 3 ते 4 पीएसआय जास्त, स्टिकरवरच्या पूर्ण भाराच्या आकड्याएवढी, भिंतीवरच्या कमाल मर्यादेच्या वर कधीच नाही. समजा नागपुरात 28 अंशांना 36 भरली. मनालीला पहाटे उणे 5 असेल तर थंडीने साडेपाच पीएसआय उतरतात. पण मनाली 2050 मीटरवर आहे, तिथे बाहेरच्या हवेचा दाब कमी, त्यामुळे गेजवर अडीच-पावणेतीन परत मिळतात. गेज 33 दाखवतं. ते खरंच आहे, ती तूट भरून काढा. उतरताना मात्र उलटं घडतं. मंडीच्या खाली ऊन लागलं की दाब चढतो, म्हणून दिल्लीच्या अलीकडे मुक्कामाच्या पहाटे पुन्हा मोजून जास्तीची काढा. नायट्रोजन भरला की हे टळतं असं दुकानात सांगतात. टळत नाही. तोही तेवढाच आकुंचन पावतो.

आणि वाळूतली युक्ती बर्फावर आणू नका. हवा कमी केली की पकड वाढते हे खरं, पण मागे ट्रेलर असताना मऊ झालेली भिंत लवते आणि ट्रेलर डुलायला लागतो.

टायर कोणतेही असोत, बर्फावर टायरभोवती लावायच्या साखळ्या घ्याच. बर्फ पडला की मनालीच्या वर पोलीस फोर बाय फोर किंवा साखळ्या लावलेल्या गाड्याच पुढे सोडतात. साखळी अगदी आपल्या साइझची हवी, आणि चाकाच्या आतल्या बाजूला स्ट्रट व ब्रेकच्या नळीपासून तिला जागा आहे का हे मॅन्युअलमध्ये बघा. काही गाड्यांत फक्त एका अ‍ॅक्सलला परवानगी असते. साखळी ओढणाऱ्या चाकांना लागते. घरासमोर दोनदा घालून काढून बघा, रबरी हातमोजे घालून. अंधारात, बोटं सुन्न झालेली असताना पहिल्यांदा शिकायची ती गोष्ट नाही. लावल्यावर शंभर मीटर जाऊन थांबायचं आणि पुन्हा ताणायचं. वेग तीस-चाळीस. डांबर लागलं की लगेच काढायची, नाहीतर साखळीही तुटते आणि फेंडरही. ट्रेलरलाही एक जोडी ठेवा. उतारावर गाडी धरून राहते आणि मागून ट्रेलर घसरत आडवा येतो, तेव्हा तीच अडवते.

तरी ट्रेलर वर न्यायचाच नाही हे बरं. कुलूच्या आसपास राहण्याच्या ठिकाणी आवारात ट्रेलर सोडा आणि फक्त गाडी घेऊन सोलंग, अटल बोगदा करा. बोगद्याचं तोंड तीन हजार मीटरच्या वर आहे आणि ढग आले की अर्ध्या तासात रस्ता पांढरा होतो. रात्री उभा करताना ट्रेलरचा हँडब्रेक ओढू नका, ब्रेक गोठून चिकटतात. चाकांना ओट लावा आणि चाकांखाली फळी ठेवा.

निव्वळ हिवाळी टायर घेतले असतील तर परत आल्यावर ते होळीच्या आधी उतरवा. एप्रिल-मेच्या पंचेचाळीस अंशांत ते भराभर झिजतात. धुऊन, वाळवून, काळ्या पिशव्यांत बांधून आतल्या खोलीत ठेवा. गच्चीवर ठेवलेत तर पुढच्या हिवाळ्यात चिरा मोजत बसाल. कोणता टायर कोणत्या चाकाचा होता ते खडूने लिहून ठेवा, पुढच्या वेळी पुढचे मागे घालायचे असतात.