मिठाच्या पाण्यात बर्फ टाकू नका: मुलांना महासागर शिकवताना

पाच महासागरांची नावं पाठ करून घेण्यात वेळ घालवू नका. पृथ्वीगोल घ्या, मुलाचं बोट मध्य प्रदेशातल्या मुलताईवर ठेवा. तिथे उगम पावलेली तापी भुसावळ, प्रकाशा करत सुरतेपलीकडे अरबी समुद्राला मिळते. अरबी समुद्र हिंदी महासागराचाच भाग. बोट न उचलता आफ्रिकेला वळसा घालून अटलांटिकमध्ये जा, तिथून उत्तरेला आर्क्टिक, बेरिंगच्या सामुद्रधुनीतून पॅसिफिक, आणि खाली अंटार्क्टिकाभोवतीचा दक्षिण महासागर. नावं पाच, पाणी एकच. झालं.

खरी गोची पुढे आहे: हे पाणी खोलवर फिरतं कसं? बहुतेक जण मिठाच्या पाण्यात निळा बर्फ टाकतात आणि 'थंड पाणी खाली जातं' म्हणून सांगतात. निळा रंग मात्र वरच तरंगत राहतो. मुलं डोळ्यांवर विश्वास ठेवतात, आणि ते बरोबरच आहे. बर्फ गोड्या पाण्याचा असतो. वितळलेलं ते पाणी थंड असलं तरी खाऱ्यापेक्षा हलकंच.

म्हणून सगळं पाणी एकदमच खारं करा. दोन लिटर पाण्यात ७० ग्रॅम मीठ, म्हणजे लिटरला ३५, साधारण समुद्राइतकं. पूर्ण विरघळू द्या. त्यातलंच पेलाभर पाणी बाजूला काढून निळा खायचा रंग घाला आणि फ्रिजमध्ये दोन-तीन तास ठेवा, गोठवू नका. पेल्यात वेगळं मीठ घालायचं नाही, नाहीतर पाणी थंडीने बुडालं की मिठाने, हे कळणार नाही. उरलेलं पाणी काचेच्या बरणीत दहा मिनिटं हलू न देता ठेवा. आपल्याकडे मे महिन्यात ते आपोआप कोमट असतं. डिसेंबरात थोडं तापवून घ्या.

आता बिनसुईच्या सिरिंजमध्ये ते थंड निळं पाणी भरा. टोक काचेला टेकवून पाण्याच्या पातळीखाली बोटभर धरा आणि अगदी हळू दाबा. घाई केलीत तर सगळी बरणी निळी होते, मग पुन्हा पहिल्यापासून. टोक थेट तळाशी नेऊ नका. पाणी आपणहून उतरताना दिसलं पाहिजे.

बर्फाचा प्रयोग त्यानंतर, तुलनेसाठी, शेजारच्या बरणीत मुद्दाम करा. बर्फ वितळताना गोडं पाणी वर राहतं, समुद्र गोठताना मात्र उलटं होतं. समुद्राचं पाणी सुमारे उणे १.८ अंशाला गोठतं तेव्हा बरंचसं मीठ बर्फाबाहेर पडतं. भोवतालचं पाणी जास्त खारं, जड होऊन बुडतं. अंटार्क्टिकाजवळ तळाचं थंड पाणी असंच तयार होतं.

उरलेलं पाणी मोरीत ओता, झाडांना घालू नका.